रोह्याला हाय

फ्लॉपीला वर्षातून एकदा ऊन दाखवावं लागतं, असं मी एका वयस्कर बाईंना सांगितलं. त्यांनी दाखवलं.

ज्यांनी फ्लॉपी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंज्यापेक्षा थोडी मोठी, काळी, चौकोनी, पातळ अशी ती वस्तू असायची. हातात धरून हलवली तर लवायची. कॉम्प्युटरमधला मजकूर तिच्यावर उतरवून घ्यायचा आणि ती जपून ठेवायची. जपायची ती ओल, धूळ, लोहचुंबक आणि ऊन यांच्यापासून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पेणमध्ये मी कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो आणि हे शत्रू दर नव्या बॅचला फळ्यावर लिहून देत होतो. ऊन सगळ्यात वर.

क्लास म्हणजे भाड्याची एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी. खोलीच्या मालकांना सगळी आळी काका म्हणायची, मीही म्हणायचो. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारणारे. निवृत्त झाले तरी पुकारणं सुटलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचे. “नळाला पाणी आलंय. नळाला पाणी आलंय.” “तुझा कोण विद्यार्थी दारात उभा हाय. विद्यार्थी दारात उभा हाय.”

मी एकदा म्हटलं, “काका, मला पहिल्या वेळीच ऐकू येतं.”

“एकदा सांगितलेलं हरवतं,” ते म्हणाले. “स्टँडवर एकदाच सांगितलं तर रोह्याची अर्धी माणसं अलिबागच्या गाडीत बसायची.” मग जरा थांबून हेही परत म्हणाले.

त्यांच्याकडे प्रत्येक वस्तू दोन होत्या, आणि त्यातली दुसरी पेणमध्ये नसायची. ती रोह्याला असायची, धाकट्या बहिणीकडे. चष्मा एक नाकावर, एक रोह्याला. छत्री एक खुंटीला, एक रोह्याला. घराच्या कागदांच्या नकला, पेन्शनच्या पुस्तकाची नक्कल, दमा लागला तर घ्यायच्या गोळ्यांची पट्टी, सगळं रोह्याला. बायको तेवढी एकच होती, आणि ती मी खोली घ्यायच्या आधीच गेली होती. मूलबाळ नव्हतं.

किल्ल्यांचाही हिशोब असाच. पेणच्या घराची दुसरी किल्ली रोह्याला बहिणीकडे, आणि बहिणीच्या घराची दुसरी किल्ली पेणला काकांच्या कपाटात. एकदा काका घराला कुलूप लावून बाहेर पडले आणि किल्ली आतच राहिली. मी हातोडी घेऊन आलो. कुलूप असलं होतं की दोन ठोक्यांत सुटलं असतं.

“ठोकू नकोस. रोह्याला हाय.”

आणि गेले की. वडखळ, नागोठणं, भिसे खिंड, असं उन्हातान्हात एसटीनं रोह्याला पोचले, तर बहीण शेजारणीबरोबर कुठल्याशा लग्नाला गेलेली. दाराला कुलूप. त्या कुलपाची दुसरी किल्ली पेणला, बंद घरात. काका बहिणीच्या पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी ओट्यावर वाट पाहत होतो. हसू दाबायला मला फार कष्ट पडले, आणि ते मी घेतलेही नाहीत. काका मात्र गंभीर होते. “दोन्ही घरं एकाच वेळी बंद,” ते म्हणाले, “असं होतं मग कधी कधी.” हे त्यांनी एकदाच म्हटलं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

दर अमावास्या-पौर्णिमेला ते आणखी एक काम करायचे. सकाळी उठून नळाचं पाणी बोटावर घ्यायचे आणि जिभेला लावायचे. मग माझ्या खोलीत डोकावून सांगायचे, “गोडं हाय. चालू दे.” पेण गावात, पक्क्या रस्त्यावर, खाडीपासून चांगल्या अंतरावर बसून हा माणूस उधाणाच्या दिवशी नळाला खारं पाणी आलंय का ते बघत होता. माझे कॉम्प्युटर टेबलावर होते, तरी टेबलाच्या पायांखाली त्यांनी विटा लावायला लावल्या. मग तेवढी उंच स्टुलं आणावी लागली, आणि विद्यार्थ्यांचे पाय लोंबकळायचे. मी बॅचला सांगायचो की उंच बसलं की कॉम्प्युटर लवकर डोक्यात शिरतो.

यामागचं कारण मला त्यांच्याकडूनच कळलं, पण मी विचारलं ते चेष्टा करायला. “काका, तुम्हाला रोह्याचं एवढं काय?”

“तुला भाताचं बी ठेवणं माहीत नाय?” त्यांनी विचारलं.

त्यांचं गाव खाडीला लागून होतं. ‘होतं’ म्हणतो, कारण आता तिथं खाऱ्या चिखलाचं खाजण आहे आणि ओहोटीला कुणाच्या तरी घराचं जोतं दिसतं. बांधाच्या एका अंगाला भातशेत, दुसऱ्या अंगाला खाडी. उधाणाला बांध फुटला की खांड गेली म्हणायचं. खांड गेली की खारं पाणी शेतात आणि घरात. “खारावलेलं भात धुऊन, उकडून कसं पण खाता येतं,” काका म्हणाले, “पण पेरता येत नाय. म्हणून बी घरात ठेवायचंच नाय. पीक आलं की पहिला बियाचा मुडा पेंढ्यात बांधायचा, गाडीत घालायचा आणि खांब गावाला मामाकडं. तिकडं खाडी नाय.”

“आणि मामाने खाल्लं तर?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी जणू देवळात थुंकलो होतो. “ठेवायला दिलेलं बी उपाशी मेला तरी कोण खात नाय. त्यानं ते उंदरापासून राखायचं, आणि पावसाच्या आधी एकदा ऊन दाखवायचं. दुसरं काय नाय.” मग म्हणाले, “एका घरात ठेवलेलं म्हणजे ठेवलेलंच नाय.” आणि परत, “ठेवलेलंच नाय.”

मला वाटलं, म्हातारा मजेशीर आहे. बॅकअप हा शब्द मी इंग्रजी पुस्तकातून पाठ करून विद्यार्थ्यांना शिकवत होतो, आणि माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा बॅकअप मी कधीही घेतलेला नव्हता. काकांनी तो घ्यायला लावला. फ्लॉपी कशासाठी असते ते समजल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “मग ही इथंच टेबलावर काय करते?”

पुढच्या वर्षी एका दुपारी क्लास रिकामा असताना ते आत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, “काल मला आयच्या कपाळावरचं गोंदण आठवेना. कसं होतं ते. सकाळपर्यंत आठवेना.”

“आता आठवलं का?”

“आठवलं. पण ते काय खरं नाय. परत जाईल.” त्यांनी एका बोटाने कपाळावर टकटक केलं. “बाकी सगळं दोन घरांत ठेवलं. हे डोकं एकाच घरात ऱ्हायलं.”

मग त्यांनी मला काम सांगितलं. ते बोलणार, मी टाईप करणार. कॉम्प्युटरवर मराठी उमटवणारं एक सॉफ्टवेअर मी नुकतंच आणलं होतं आणि त्याचा मला गर्व होता. वहीत का लिहीत नाही, असं मी विचारलं. खांड गेली तेव्हा घरातल्या कागदांचा लगदा झाला होता, शाळेच्या दाखल्यापासून सात-बारापर्यंत. कागदावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. फ्लॉपी त्यांनी बोटांनी दाबून पाहिली होती. “प्लॅस्टिक हाय. खारं पाणी याला काय करील?” प्रिंट काढू का म्हटलं तर तेही नको.

लिहायचं होतं ते बहिणीसाठी. बहिणीला ते बाय म्हणायचे. “बायला आय माहीत नाय,” ते म्हणाले. बाय चार वर्षांची असताना तिला खांबला मामाकडे पाठवलं होतं, आणि ती परत यायच्या आत आई गेली. फोटो नव्हताच. आईला पाहिलेलं, तिच्या हातचं खाल्लेलं, तिचा मार खाल्लेलं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माझ्यासमोर स्टुलावर बसून डोळे मिटून आठवत होतं.

आणि मी काय करत होतो? टाईप करत होतो आणि एका कानाला ट्रान्झिस्टर लावून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होतो. काकांनी मध्येच “वाच” म्हटलं की वाचायचो. एकदा आईच्या वाक्यात ‘चौकार’ निघाला. काकांनी तो काढायला लावला आणि पुढे सांगू लागले. त्या दुपारी कोण कसा बाद झाला ते मला आजही आठवतं. आईबद्दल मात्र तुकडे तेवढे आठवतात.

एक तुकडा असा. उधाणाच्या दिवशी आई बांधावर जाऊन उभी राहायची आणि खाडीला शिव्या द्यायची. “ये गो ये, अजून काय ऱ्हायलंय तुझं इथं?” बाकीच्या बायका खाडीला नारळ द्यायच्या, ही शिव्या द्यायची.

दुसरा तुकडा सांगताना काका मध्ये बराच वेळ थांबले, म्हणून मी ट्रान्झिस्टर बंद केला, आणि म्हणून तो पुरा आठवतो. बायला खांबला पाठवल्यावरही आई रोज भाकऱ्या झाल्या की शेवटच्या पिठाची एक लहान भाकरी थापायची. बायच्या मापाची. ती ताटलीत वेगळी ठेवायची. संध्याकाळी म्हणायची, “आज पण नाय आली. खा तू.” आणि ती काका खायचे. “मी वाट बघायचो,” काका म्हणाले. “बाय आली नाय पायजे, भाकरी मला मिळेल, अशी.” मग म्हणाले, “हे लिव. हे लिव.” मी लिहिलं.

दर शनिवारी नवा मजकूर फ्लॉपीवर उतरवायचा, फ्लॉपी स्टीलच्या डब्यात घालायची आणि डबा रोह्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा. सगळे कंडक्टर काकांचे जुने ओळखीचे. “डबा बहिणीकडं. डबा बहिणीकडं.” एक नवीन कंडक्टर डबा नाकाशी नेऊन म्हणाला, “काका, सुकट हाय काय?” काका म्हणाले, “आय हाय.” कंडक्टरने डबा घाईघाईने दोन्ही हातांत धरला.

एसटीचा संप लागला त्या उन्हाळ्यात डबा घेऊन मला रोह्याला जावं लागलं. पॅसेंजर गाडीने गेलो. काकांची बहीण तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मी त्यांना आत्या म्हटलं. नवरा धाटावच्या कंपनीत होता, तो वारल्यावर एकट्याच राहायच्या. गच्चीवर पापडांचं वाळवण घातलेलं होतं आणि त्या काठी घेऊन कावळे हाकत होत्या. डबा त्यांनी पदराने पुसला, उघडून फ्लॉपी पाहिली आणि देवांच्या वरच्या फळीवर आधीच्या डब्यांशेजारी ठेवला. मग अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं:

“याला ऊन दाखवावं लागतं का रे?”

आता बी, मुडा आणि खांबचा मामा हे सगळं मला ठाऊक होतं. त्या का विचारतायत तेही कळलं. पण जिभेवर आलेला विनोद गिळायचा असतो हे मला आजही कळत नाही, तेव्हा कुठून कळणार? मीही तितक्याच सरळ चेहऱ्याने म्हणालो, “तर! वर्षातून एकदा. पावसाच्या आधी. नाहीतर बुरशी धरते.”

“चांगलं झालं विचारलं ते,” आत्या म्हणाल्या. “दादा काय सांगत नाय. यात लिवलंय काय तेही सांगत नाय. पुरं झालं की क्लासवाला येऊन वाचून दाखवील म्हणतो. तू थोडं सांग ना.”

“पुढच्या खेपेला कागदावर काढून आणतो, आत्या.”

पेणला आल्यावर ऊन दाखवण्याची गोष्ट मी चहाच्या टपरीवर सांगितली. लोक खूप हसले. कागदावर काढून आणायचं विसरलो.

त्यानंतरच्या दिवाळीपर्यंत काकांचं पुकारणं बिघडू लागलं. पाणी आलेलं नसताना पाणी आलंय म्हणायचे. दारात कुणी नसताना विद्यार्थी उभा आहे म्हणायचे. लिहायला बसले की तीच गोष्ट परत सांगायचे, आणि मला वाटायचं हा त्यांचा दोनदा सांगायचा जुना खाक्या. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस डोळे मिटून बराच वेळ बसले, उघडले आणि म्हणाले, “झालं वाटतं सगळं.” पुरं झालं की संपलं, ते मी विचारलं नाही. तेव्हा आत्याकडे जाऊन वाचायला हवं होतं. पावसाळा होऊ दे म्हटलं.

ऐन पावसाळ्यात धाटावच्या एका मित्राने मला गेमची फ्लॉपी दिली. तिच्यातून व्हायरस आला. विद्यार्थ्यांनी बाहेरची फ्लॉपी आणू नये, अशी पाटी मीच लावली होती, तिच्याखाली बसून मी तो गेम खेळलो. दोन्ही कॉम्प्युटर आजारी पडले. हार्ड डिस्क कोरी करून सगळं पहिल्यापासून भरणं एवढाच उपाय मला येत होता. काकांचा मजकूर त्यातच होता. मी जाऊन विचारलं, “काका, तुमचं सगळं रोह्याला आहे ना?”

काका ओट्यावर बसले होते. त्यांचा चेहरा खुलला. “हाय. रोह्याला हाय. कर तू कोरं.”

मी केलं. एकच प्रत उरली असती तर मी कोणाला तरी विचारलं असतं, रात्रभर विचार केला असता. दुसरी प्रत आहे या भरवशावर मी चहा पीत पीत बटण दाबलं.

रोह्याला गेलो तेव्हा आत्यांनी सगळे डबे फळीवरून काढून दिले. एक उघडला. फ्लॉपी तळलेल्या पापडासारखी वळलेली. दुसरी तशीच. तिसरीचं कव्हर सुटून आतली चकती बाहेर डोकावत होती.

“दोन उन्हाळे दाखवलं,” आत्या म्हणाल्या. “पापडांच्या शेजारीच घालायची, कावळ्यांवर पण नजर ऱ्हाते. दुपारी उलटवायची. वाळवणाचा एक दिवस चुकवला नाय.”

“आत्या, ह्या गेल्या.”

“कशानं?”

“उन्हाने.”

“तूच सांगितलंस.”

“मी थट्टा केली होती.”

आत्यांनी माझ्या हातातून फ्लॉपी घेतली, डब्यात ठेवली, झाकण लावलं. सगळ्या डब्यांना झाकणं लावून झाल्यावर म्हणाल्या, “ठेवायला दिलेल्या बियाची थट्टा करतात व्हय रे?”

मग चहा टाकायला आत गेल्या आणि तिकडूनच, मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात, त्यांनी स्वतःचं सांगितलं. खांबला त्या मुड्यावर बसूनच गेल्या होत्या. बियाच्या गाडीतच बापाने बसवलं. दोन पोरं दोन घरांत ठेवली तर एक तरी वाचेल, असा त्याचा हिशोब. त्याच वर्षी खांड गेली. पुढच्या पेरणीला बाप गाडी घेऊन खांबला आला, मुडा गाडीत घातला आणि घेऊन गेला. “बी परत नेलं,” आत्या म्हणाल्या, “मला नाय नेलं. तिकडं खायला नाय म्हणाला, इथं ऱ्हा. मग आय गेली.” चहा आणून समोर ठेवला. “ऱ्हायले मग ठेवलेलीच.”

डबे मी पेणला आणले आणि जे जे सुचलं ते केलं. फ्लॉप्या गादीखाली ठेवून वर झोपलो. पाट्याखाली दाबल्या. शेवटी रुमाल ठेवून वरून इस्त्री फिरवली, आणि जी एक त्यातल्या त्यात बरी होती ती रुमालाला चिकटली. वाचणाऱ्याला हे खोटं वाटेल. मी तेव्हा तालुक्यातला कॉम्प्युटरचा जाणकार समजला जायचो.

काकांना आम्ही सांगितलं नाही. आत्याच म्हणाल्या, नको. त्या रोह्याचं घर बंद करून पेणला भावाकडे राहायला आल्या. क्लासच्या खिडकीतून मला ओटा दिसायचा. दुपारी दोघं तिथं बसलेली असत, काका भिंतीला टेकून, आत्या तांदूळ निवडत. एक दिवस आत्यांनी ताट बाजूला ठेवलं.

“दादा, आय गोरी होती का सावळी?”

काका हसले. अगदी निवांत हसले. “रोह्याला हाय,” ते म्हणाले.

“काय बोलायची ती? मला काय हाक मारायची?”

“सगळं रोह्याला हाय. नीट ठेवलंय.”

“दादा, मीच रोह्याची. माझ्याकडं काय नाय.”

काकांनी आत्यांच्या हातावर थोपटलं. स्टँडवर गाडी चुकलेल्या बाईला धीर द्यावा तसं. “येईल गो,” म्हणाले. “गाडी येईल.” हेही एकदाच म्हणाले. तेव्हापर्यंत दोनदा सांगायची सवय गेली होती.

पुढे पुढे कशालाही तेच उत्तर. डॉक्टरांनी विचारलं सकाळी काय खाल्लं, रोह्याला हाय. नाव विचारलं, रोह्याला हाय. त्या घरात ते एकटेच सुखी होते. जे जे डोक्यातून जात होतं ते सगळं बहिणीकडे फळीवर सुरक्षित आहे, अशी त्यांची खात्री होती, आणि ती शेवटपर्यंत टिकली. गेले तेव्हा उधाणाचा दिवस होता. आत्यांनी नळाचं पाणी बोटावर घेऊन त्यांच्या ओठांना लावलं. गोडं होतं.

आता माझे फोटो, कागद, बिलं, सगळं क्लाउडवर असतं. मोबाइल आपणहून तिकडे ठेवतो, मला विचारतही नाही. कुठे ठेवतो ते मला माहीत नाही. काका असते तर पहिला प्रश्न विचारला असता की ते गाव कुठलं आणि तिथं खाडी किती लांब. दुसरा प्रश्न, ठेवणारा माणूस कसा आहे. मला दोन्हींची उत्तरं आली नसती, आणि मग त्यांनी टेबलाखाली विटा लावायला लावल्या असत्या.

काका गेल्यावर काही दिवसांनी, रोह्याला परत जायच्या आधी, आत्या क्लासमध्ये आल्या. काकांच्या स्टुलावर बसल्या. पाय लोंबकळत होते.

“तू टाईप केलंस ना सगळं,” त्या म्हणाल्या. “तुला आठवत असेल काय तरी. जेवढं असेल तेवढं सांग.”

मी बांधावरच्या शिव्यांची गोष्ट सांगितली. आत्या पुढे सरकून ऐकू लागल्या. त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काही दिसलं, आणि समोरचा असा ऐकू लागला की मला आवरत नाही. मी आईचा आवाज काढला. पदर खोचल्यासारखं केलं. शेवटी आईने पायातली चप्पल काढून खाडीवर भिरकावली असं सांगितलं.

“चप्पल?” आत्या म्हणाल्या. “आमच्यात बायका तेव्हा चपला घालायच्या नायत.”

मी हात खाली केला. मग भाकरीची गोष्ट सांगितली. या वेळी जशीच्या तशी, आवाज न काढता. शेवटच्या पिठाची, बायच्या मापाची, वेगळी ताटली, आज पण नाय आली. काका वाट बघायचे तेही सांगितलं.

ऐकून झाल्यावर आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, भाजीवालीने पुढे केलेल्या वांग्याकडे बघावं तसं.

“आत्या, ही खरी आहे,” मी म्हणालो. “काकांनी सांगितली. मी स्वतः लिहिली.”

त्या स्टुलावरून उतरल्या, पदर सारखा केला आणि दारात चपला घालता घालता म्हणाल्या, “फ्लॉपीला ऊन दाखवा म्हणालास ना, तेव्हा पण तोंड असंच होतं तुझं.”